वेल्समधल्या घराचा धूर

तीस वर्षं मी थुंकीवर पोट भरलं. हे वाक्य मी कुणाच्या पंगतीत बोलत नाही, पण ते शब्दशः खरं आहे. जुनी तैलचित्रं साफ करायची आणि दुरुस्त करायची, हा माझा धंदा. चित्रावर साठलेली धूळ, स्वयंपाकघरातला ओशटपणा, सिगारेटचा पिवळा थर काढायला आमच्याकडे पहिलं औषध म्हणजे माणसाची लाळ. बारीक काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, जिभेवर टेकवायचा, चित्रावर हलकेच फिरवायचा आणि काळा झाला की नवा बोळा घ्यायचा. लाळ रंगाला धक्का न लावता मळ सोडवते. स्टुटगार्टमध्ये हेल्गानं मला पहिल्या दिवशी हे दाखवलं तेव्हा मला वाटलं, नव्या मुलीची फिरकी घेतेय. मिरजेला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, उष्टं? आणि देवाचं चित्र आलं तर?" मी म्हटलं, "मेरीमातेला चालतं." त्यानंतर आईनं माझ्या नोकरीबद्दल फारशी चौकशी केली नाही.

हेल्गा माझी गुरू. नवऱ्याच्या गाड्यांच्या कंपनीतल्या नोकरीपायी मी या गावात आले आणि घरी बसून कंटाळले होते. तिनं मला आपल्या कार्यशाळेत घेतलं त्याला कारण माझी चित्रकलेची पदवी नव्हे. तिनं माझ्यापुढे कापूस टाकला आणि बोळे करायला सांगितले. लहानपणी आईबरोबर बसून चातुर्मासातल्या लाखभर वाती वळलेल्या हाताला ते काय अवघड? तिचे चार होईपर्यंत माझे पंधरा झाले. "हे कुठे शिकलीस?" तिनं विचारलं. "देवापुढे," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही, पण नोकरी मिळाली. पुढे ती थकली आणि कार्यशाळा माझ्याकडे आली.

हेल्गाचे नियम तीन. पहिला, आपण जे लावू ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे. दुसरा, आपण जे काढतो ते परत येत नाही, म्हणून काढण्याआधी फोटो घ्यायचा आणि वापरलेले बोळेसुद्धा बरणीत भरून चिठ्ठी लावून ठेवायचे, चित्र घरी जाईपर्यंत. तिसरा नियम म्हणजे एक छापील कागद. त्यावर बावीस प्रश्न होते. चित्र कुठे टांगलं होतं, चुलीजवळ की खिडकीजवळ, कुणी पुसलं, कशानं पुसलं, चित्राशी काही आठवण जोडलेली आहे का. हे सगळं गिऱ्हाइकाला समोर बसवून विचारायचं आणि ज्याचं चित्र त्याचीच सही घ्यायची.

त्या बावीस प्रश्नांनी मला माणसं दाखवली. एका निवृत्त शिक्षकानं आजोबांच्या चित्राला कापलेला बटाटा घासला होता. ते कबूल करायला त्याला एकविसावा प्रश्न यावा लागला. एका बाईला घटस्फोटानंतर जोडप्याच्या चित्रातला नवरा पुसून तिथे पडदा रंगवून हवा होता. मी नाही म्हटलं, तर ती म्हणाली, "निदान त्याचे केस तरी कमी करा." आपल्याकडचा एक सॉफ्टवेअरवाला जुन्या बाजारातून मोठ्या हौसेनं चित्र घेऊन आला. भिंगाखाली छापील ठिपके दिसले. "म्हणजे प्रिंटआउट?" तो म्हणाला. मी चहा दिला, दुसरं काय देणार.

पण लिहायला बसले आहे ती वेगळ्याच चित्राबद्दल. कार्यशाळा बंद करण्याआधीचं माझं ते शेवटचं काम, आणि आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक.

ते चित्र घेऊन आला समीर. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतला ओळखीचा, एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. बरोबर त्याची आई होती. वडील गेल्यावर चार वर्षांपूर्वी त्यानं तिला चिंचवडहून कायमचं इकडे आणलं होतं. ऐंशी पार केलेल्या, बारीक चणीच्या, साडीवर जाडजूड कोट घातलेल्या. आमचं आवार गल्लीच्या आतल्या बाजूला, वर यायला दगडी पायऱ्यांची चढण. काकू धापा टाकत खुर्चीवर बसल्या आणि चित्राचं गाठोडं मांडीवरून खाली ठेवेनात.

चित्र लहानसं होतं, कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढं रुंद. वेल्समधलं खेडेगावचं बैठं घर. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, काळ्या पाटीदगडाचं छप्पर, एकच धुरांडं. मागे तपकिरी डोंगर, पुढे रचीव दगडांचा बांध, चिखलाची वाट आणि उघडं राहिलेलं लाकडी फाटक. माणूस एकही नाही. चित्रकाराची सही वाचता येत नव्हती. देव्हाऱ्याशेजारी पन्नासच्या वर वर्षं टांगलेलं, त्यामुळे उदबत्ती आणि समई यांनी सगळं आभाळ तपकिरी झालेलं.

"शुभाताई, दिवाळीच्या आधी होईल ना?" समीर म्हणाला. "बाबांचं आहे. ते वेल्समध्ये ट्रेनिंगला होते ना, तिकडून आणलेलं. आईला सरप्राइज द्यायचं होतं, पण तिनं सोडलंच नाही, बरोबर आली."

मी हसले. चहा टाकला. मिरजेचं, चिंचवडचं, गुडघ्यांचं, इथल्या थंडीचं बोलणं झालं. बावीस प्रश्नांचा कागद खणात होता. तो काढावा असं माझ्या मनात आलंसुद्धा. पण आपल्या माणसांपुढे, त्यातून चहा पिताना, छापील फॉर्म ठेवून "आता प्रश्न क्रमांक एक" असं कसं म्हणायचं? हेल्गाच्या गिऱ्हाइकांना त्यात काही वाटत नसे. काकूंना मी परकी वाटले असते. आणि म्हाताऱ्या माणसाला कशाला दमवायचं, मुलगा आहे की, असंही वाटलं.

निघताना काकू चित्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "शुभा, ते वरचं आहे ना, घराच्या वर..."

"काकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी त्यांचा हात धरून म्हटलं. "सगळं लख्ख करून देते."

हे मी बोलले. पुढे जे झालं ते या एका वाक्यात झालं होतं. बाकीचं नुसतं हातांनी केलं.

जुन्या चित्रावर अतिनील दिवा धरला की जुनं वार्निश हिरवट चमकतं. त्याच्यावर नंतर कुणी काही लावलं असेल तर ते काळं दिसतं. या चित्रात सगळं हिरवं होतं. फक्त धुरांड्याच्या वर एक काळा पट्टा होता, उजवीकडे वाकत वर गेलेला. दिव्याशिवाय पाहिलं तर तपकिरी आभाळात तो जेमतेम कळायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ओशट काजळी, आणि तिच्यात स्पष्ट रेषा. बोटाचा ठसा. कुणीतरी समईची वात सारली असणार आणि तोच हात चित्राला लागला असणार, असं मी ठरवलं. वहीत नोंद केली: वरवरची काजळी, स्निग्ध, बोटाचा ठसा, मूळ चित्राचा भाग नाही. फोटो काढून समीरला पाठवला आणि विचारलं, हा डाग काढू ना?

तो मीटिंगमध्ये होता. त्याचं उत्तर आलं, "हो हो, अगदी, काढा सगळं. तो डाग लहानपणापासून बघतोय."

मी काढला. बारा बोळे लागले, ते वेगळ्या बरणीत ठेवले. कुठेही मूळ रंग हलला नाही. बाकीचं आभाळही साफ केल्यावर खालून राखाडी, ओलसर, नुकत्याच पडून गेलेल्या पावसाचं आभाळ वर आलं आणि मला स्वतःच्या हातांचं फार कौतुक वाटलं. खोटं कशाला सांगू, मी खुर्ची मागे सारून पाच मिनिटं नुसती बघत बसले.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी स्वतः चित्र त्यांच्या घरी घेऊन गेले. समीरनं ते देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लावलं. "वाव, आई, बघ! नवीन घेतल्यासारखं दिसतंय."

काकू चष्मा पुसून जवळ गेल्या. बराच वेळ पाहिलं. मग वळून मला म्हणाल्या, "धूर कुठाय?"

"कसला धूर, आई?" समीर म्हणाला.

त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांच्या तोंडून तो शब्द आल्याबरोबर मला कळलं. धुरांड्याच्या वर, वाऱ्यानं उजवीकडे वाकलेला. दुसरं काय असणार होतं ते?

"काकू, ते मूळ चित्रात नव्हतं," मी म्हटलं. "नंतर लागलेलं होतं."

"नंतरच लावलेलं होतं. यांनी लावलेलं." त्या सोफ्यावर बसल्या. मग जे सांगितलं ते समीरनंही त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं.

लग्नानंतर तीन महिन्यांत कंपनीनं काकांना वेल्समधल्या पोलादाच्या कारखान्यात दोन वर्षांसाठी धाडलं. काकू सासरी राहिल्या. ते ज्या विधवा बाईकडे खोली घेऊन राहत, तिच्या जिन्यात हे चित्र होतं. निघताना तिनं ते दिलं. चिंचवडच्या दोन खोल्यांत पहिला संसार मांडला तेव्हा काकांनी मोठ्या हौसेनं ते भिंतीला लावलं. नव्या नवरीनं पाहिलं आणि म्हणाली, "बाई गं! धुरांडं आहे आणि धूर नाही. म्हणजे चूल पेटलेली नाही, घरात माणूस नाही. असलं ओसाड घर मला भिंतीवर नको."

"हे काही बोलले नाहीत," काकू म्हणाल्या. "आठ दिवसांनी पाडवा आला. मी ओवाळलं. तबकात घालायला दागिना वगैरे काही नव्हता. मला म्हणाले, थांब. देव्हाऱ्यात जावेच्या बाळासाठी केलेल्या काजळाची डबी होती. त्यात बोट बुडवलं, खुर्चीवर चढले आणि त्या घराला धूर काढला. म्हणाले, घे तुझी ओवाळणी. चूल पेटवली."



"मी दोन वर्षं एकटी होते ना," काकू पुढे म्हणाल्या. "त्या धुराकडे बघितलं की वाटायचं, आता घरात माणूस आहे. हे गेले तेव्हाही मला तसं एकटं वाटलं नाही. तो होता ना वर." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "आज गेले ते, शुभा."

मी तिथे रडले. साठीची बाई, पाहुणी म्हणून आलेली, आणि त्यांनीच मला पाणी दिलं. समीर पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हो म्हणून मीच सांगितलं, शुभाताई. मीच." तो पोरगा समजूतदार आहे. पण त्याला विचारणं हीच चूक होती. चित्र त्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हेल्गाला भेटायला तिच्या वृद्धाश्रमात गेले. तिला आता फार काही आठवत नाही, पण कामाचं आठवतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू विचारलं नाहीस."

"त्यांच्या मुलाला विचारलं."

"तू विचारलं नाहीस," ती पुन्हा म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तीस वर्षांत ती मला इतकं लागेल असं कधी बोलली नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. परक्यांना मी बावीस प्रश्न विचारले. आपल्या माणसांना चहा दिला.

माझ्याकडे फोटो होते. प्रत्येक रेष दिसेल एवढे मोठे. मी काकूंना फोन केला. म्हटलं, मी तो धूर पुन्हा काढून देते, अगदी तसाच, ठशाच्या रेषांसकट. कुणाला फरक कळणार नाही.

"मला कळेल," काकू म्हणाल्या. "तू काढलास तर तो तुझा. यांचा कसा होईल?" मग म्हणाल्या, "कशानं पुसलास?"

आता लपवण्यात काय अर्थ? "थुंकीनं, काकू. कापसावर."

मला वाटलं फोन ठेवतील. त्या म्हणाल्या, "तो कापूस टाकलास?"

चित्र घरी गेलं की बरणी रिकामी करायची, असा आमचा नियम. ती रिकामी करायला माझा हात धजला नव्हता. बारा बोळे, काडीवरून उतरवलेले, टोकाला काळे, काचेच्या बरणीत वरच्या फळीवर तसेच होते.

"नाही टाकला."

"पाडव्याला घेऊन ये," त्या म्हणाल्या.

पाडव्याला दुपारी मी गेले. काकूंनी बरणी हातात घेऊन उजेडाला धरली. मग पाट घेऊन बसल्या आणि एकेक बोळा उलगडून नव्या कापसात गुंडाळून वात वळू लागल्या. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, वात सरळ येईना. मी न विचारता शेजारी बसले. दोघींनी मिळून बारा वाती वळल्या. काळं टोक वर.

"देवापुढे नाही लावत," त्या म्हणाल्या. "उष्ट्या आहेत. यांच्यापुढे लावते. यांना माझ्या ताटातलं चालायचं, तुझंही चालेल."

काकांच्या भिंतीवरच्या फोटोपुढे त्यांनी तुपाचं निरांजन ठेवलं. समीर छताकडे बघत म्हणाला, "आई, एक मिनिट, राउखमेल्डर! मागच्या वेळी उदबत्तीनं वाजला तर इमारतीचा रखवालदार वर आला होता." खुर्चीवर चढून त्यानं छताचा तो धुराचा भोंगा काढला आणि सोफ्याच्या उशीखाली दाबून ठेवला. "हं, आता लाव."

एका वेळी दोन अशा वाती लावल्या. काजळ जमवायला वर तांब्याची ताटली उपडी धरायची होती. ती काकूंनी स्वतः धरली, समीरला दिली नाही. शेवटपर्यंत हात खाली आणला नाही. बारा वाती जळायला बराच वेळ लागला. बोळ्यांत गेलेली काजळी थोडी ज्योतीबरोबर वर गेली असेल, थोडी नसेल. मी रसायनं शिकलेली आहे, मला माहीत आहे की ताटलीवर बहुतेक तुपाचीच काजळी असणार. मी ते बोलले नाही. धंदा सोडण्याआधी एकदा तरी मी गप्प बसायला शिकले.

काकूंनी काजळी खरवडून तुपाच्या थेंबात कालवली. तळहातावर घेतली आणि माझ्यापुढे हात केला.

"लाव."

"मी नाही, काकू. तुम्ही लावा."

"माझा हात तिथवर पोचत नाही."

"मी लावतो ना, आई," समीर म्हणाला.

"तू तेव्हा नव्हतास." त्या माझ्याकडेच पाहत होत्या. आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. जे करायचं ते करून घेत होत्या. "ज्या हातानं पुसलास त्याच हातानं लाव."

उघड्या बोटानं मी कधी चित्राला शिवले नव्हते. आमच्या धंद्यात ते पाप आहे. नव्या मुलींना मी त्याबद्दल ओरडलेली आहे. मी हात धुतले, पुसले, उजव्या हाताचं बोट त्या काजळात बुडवलं आणि खुर्चीवर चढले. चार दिवस फोटो पाहून तो पट्टा पाठ झाला होता. कुठून सुरू, कुठे वळण, कुठे पुसट. धुरांड्याला बोट टेकवलं आणि त्यातलं काहीच आठवलं नाही. पाडव्याचा दिवस, खुर्चीवर चढलेला एक तरुण माणूस आणि खाली तबक घेऊन उभी असलेली त्याची बायको एवढंच डोळ्यांपुढे आलं. बोट आपोआप वर गेलं. खाली उतरून पाहिलं तर धूर जाडसर झाला होता आणि चक्क डावीकडे वाकला होता.

काकू पुढे आल्या. चष्मा पुसला. 

"वारा फिरलाय," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ पाहून, "फिरायचाच. चूल पेटली ना, बस." आणि त्यांनी उरलेलं काजळ आपल्या तळहातावरून माझ्या कानामागे लावलं, लहान मुलीला लावतात तसं.

त्यानंतर महिनाभरात मी कार्यशाळा बंद केली. हेल्गाचे बावीस प्रश्न माझ्याकडे शिकून स्वतःचं काम सुरू करणाऱ्या मुलीला दिले आणि सांगितलं, घरचं माणूस आलं तर आधी कागद, मग चहा. काकूंचा धूर परत आला असं मी म्हणत नाही. काकांचं बोट गेलं ते गेलं. माझ्याकडे त्याचा फोटो आहे. काकूंना देऊ केला, तर त्यांनी घेतला नाही.

प्रत्येक चित्राच्या मागे आम्ही केलेल्या कामाची चिठ्ठी लावतो, पुढे कधी शंभर वर्षांनी दुसरा कुणी दुरुस्त करायला घेईल त्याच्यासाठी. त्या चित्रामागची चिठ्ठी मी जर्मनमध्ये लिहिली आणि खाली मराठीतही. धुरांड्यावरचा धूर: काजळ आणि तूप, बोटानं लावलेला. मूळ चित्राचा भाग नाही. काढू नये. शंका आल्यास घरातल्या बाईला विचारावं.